गाण्याचे यंत्र, बोलणारी माणसे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेने मला काय दिले' असा विषय सुचविला होता. माझ्या सहकाऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विहाराची पायाभरणी, दहावीचे निकाल, वसतिगृहातली शिस्त आणि पूज्य भन्तेजींचा सहवास यांविषयी लिहिलेच असेल. ते लिहिले जाणे अगत्याचे आहे. मी मात्र अंगठ्यापेक्षा थोड्या मोठ्या अशा एका वस्तूविषयी लिहिणार आहे. ती शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत 'एमपीथ्री प्लेअर, नग १' या एका ओळीत बसलेली आहे.

पहाटेच्या वंदनेसाठी आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीते वाजविण्यासाठी ती घेतली होती. त्यापूर्वीच्या कॅसेटी पावसाळ्यात बुरशी धरीत, फीत यंत्रात अडके आणि मुले ती पेन्सिलीने गुंडाळीत बसत. नव्या यंत्राला फीत नव्हती. एक जीबीची साठवण, बारीक पेन्सिल सेल एक, आणि चंद्रपूरच्या बाजारातल्या दुकानदाराने भरून दिलेली गाणी. त्या काळी अशी गाणी भरून देणारी दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावी निघाली होती. यंत्राच्या कडेला एक बटण होते आणि बटणाशेजारी सुईच्या टोकाएवढे छिद्र. बटण दाबून धरले की लाल ठिपका लागे आणि जे बोलाल ते आत जाई. दुकानदाराने याचा उल्लेखही केला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने ते गाणी ऐकण्याचे यंत्र होते.

या वस्तूचा वंशवृक्ष मोठा गमतीचा आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, तेव्हा त्याच्या मनात गाणी पहिल्या स्थानी नव्हती. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या यंत्राचे जे उपयोग लिहून काढले, त्यांत पत्रे सांगणे, अंधांसाठी पुस्तके आणि घरातल्या माणसांचे बोल, त्यांचे अखेरचे शब्दसुद्धा, जपून ठेवणे या गोष्टी होत्या. पुढे शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. तो घडला वार्ताहरांसाठी असलेल्या 'प्रेसमन' नावाच्या लहान ध्वनिमुद्रकापासून. अभियंत्यांनी त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकली आणि कानाला लावायचे हेडफोन दिले. म्हणजे खिशातले गाण्याचे यंत्र जन्मले तेच बोलणाऱ्याचे तोंड बंद करून! आमच्या स्वस्त प्लेअरने ते तोंड पुन्हा उघडले होते, एवढाच या गोष्टीचा अर्थ.

उन्हाळ्यात प्रवेशाच्या कामासाठी आम्ही शिक्षक गावोगाव फिरत असू. नागभीड, सिंदेवाही, मूल या बाजूंनी आणि वैनगंगा ओलांडून आरमोरी, धानोरा, पुढे एटापल्ली-भामरागडपर्यंत. तेंदूपानांचा हंगाम असे. आईबाप पहाटेच रानात गेलेले, दुपारी फळीवर पुडे मोजून देत बसलेले. कोणत्या घरचे मूल, कोणता दाखला अपुरा, कोणाला पुढच्या सोमवारी भेटायचे, हे सर्व वहीत उतरवावे लागे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने कधी वहीत लिहिण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला माझे म्हणणे समजेल. गचक्यांनी अक्षर असे होई की रात्री मला स्वतःलाच वाचता येत नसे. म्हणून मी ते बटण दाबून बोलू लागलो. वीस सेकंदांचे एक टिपण, कधी दहा सेकंदांचे. संध्याकाळी मुक्कामी ऐकून वहीत उतरवायचे आणि पुसून टाकायचे. आरंभ एवढाच होता.

एका मावशींनी त्याला दुसरे वळण दिले. त्यांचा मुलगा त्याच वर्षी पाचवीत आमच्याकडे आला होता आणि रात्री रडत असे. मी यंत्राशी बोलत असलेला पाहून त्यांनी विचारले, "का जी सरजी, यात माह्या आवाज रायते का?" राहतो म्हटल्यावर त्या पदर सावरून, घसा खाकरून, एखाद्या सभेत बोलावे तशा बोलल्या. बकरीने दोन पिल्ली दिली, बाबाचा पाय आता बरा हाये, पऱ्हे टाकून झाले, रडू नोको, दिवारीले घ्यायले येतो. पाऊण मिनिटाचे काम. त्यांना लिहिता येत नव्हते आणि मुलाला अजून नीट वाचता येत नव्हते. पत्र नावाची वस्तू त्या घरात पोचूच शकत नव्हती. वसतिगृहात आल्यावर मी त्या मुलाला हेडफोन लावून दिला. त्याने ते सात-आठ वेळा ऐकले असेल. 'दिवारी' हा शब्द आला की दर वेळी मान हलवी.

झाडीबोलीत 'ळ' नाही. तिथे 'र' येतो. 'श' नाही, 'ण' नाही. आमच्या मराठीच्या तासाला आम्ही हे सारे लाल शाईने दुरुस्त करीत असू. मुलाची आई मात्र यंत्रातून निःसंकोच 'दिवारी' म्हणत होती आणि तिच्या शब्दावर लाल शाई चालत नव्हती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी केवढे काम करून ठेवले आहे, हे मी त्यानंतर जाणीवपूर्वक वाचू लागलो.

मग ही आवाजाची चिठ्ठी सुरूच झाली. गावी जाताना मुलांचे आवाज घेऊन जायचे, येताना आईबापांचे घेऊन यायचे. तेव्हा दक्षिणेकडील बहुतेक गावांत मोबाईलचा टॉवर नव्हता. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ताच तुटे. माडिया बोलणाऱ्या एका मुलाच्या आईने चार मिनिटांचा निरोप दिला. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. वसतिगृहात तो निरोप लागला तेव्हा त्या भागातली आणखी तीन मुले येऊन चिकटून बसली, एकच हेडफोन दोघादोघांनी कानात घातला, आणि चौघेही मधेच हसू लागले. मी विचारले, आई काय म्हणाली? तो वर्गात फारसा बोलत नसे. त्याने विचार करून उत्तर दिले, "कोंबड्यांचं आहे, सर." एवढेच. चार मिनिटे केवळ कोंबड्यांचे असणार नाही हे मला कळत होते, पण जे माझ्यासाठी नव्हते ते मागण्याचा अधिकार मला नव्हता.

त्या मुलाला मराठी येत नाही असे आम्ही शेरेपुस्तकात लिहीत होतो. त्याला काय येते, हे त्या पुस्तकात लिहिण्याची जागाच नव्हती. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली, तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच खिन्नतेतून आणि जिद्दीतून. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर २०१० पासून 'सीजीनेट स्वर' या उपक्रमात साध्या फोनवरून माणसे आपल्या भाषेत बातमी, तक्रार, गाणे बोलून ठेवू लागली होती. लिहिता न येणाऱ्या माणसालाही सांगण्यासारखे पुष्कळ असते, हे तिथे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. आमचे काम त्यापुढे चिमूटभर.

आता ज्या कारणासाठी हा लेख मी मुख्यतः लिहीत आहे, त्याकडे वळतो.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा सोहळा साऱ्या जगाला ठाऊक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला येऊन आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली, हे आपल्या जिल्ह्यांबाहेर पुष्कळांना सांगावे लागते. तेव्हा शहराचे नाव चांदा होते आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तेव्हाचा चांदा अजून मध्य प्रदेशात होता आणि पंधरवड्यानंतर, १ नोव्हेंबरला, मुंबई राज्यात आला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या गावी झालेल्या सोहळ्यास गेलेली माणसे आपल्या आजोबा-आजींच्या पिढीची. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरला झाले, म्हणजे या लोकांनी त्यांना पाहिले ते पन्नासएक दिवस आधी.

यंत्र हाती आले तेव्हा त्या दिवसाला पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. मी गावात गेलो की विहारात विचारी, चांद्याला गेलेले कोणी आहे का? कधी एक जण निघे, कधी कोणीच नाही. कधी सांगत, होत्या, पण मागच्या पोळ्याला गेल्या. सिंदेवाहीच्या बाजूला एक आजी भेटल्या. त्या वेळी त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील. बंडीने गेले, वाटेत दोन मुक्काम झाले, तांदूळ सोबत होते, आईने जुने लुगडे धुऊन धुऊन पांढरे केले होते. गर्दीत बापाने खांद्यावर घेतले तरी बाबासाहेब दिसले नाहीत. भोंग्यातून आवाज आला तेवढा ऐकला. पुढे सगळे उभे राहिले, सगळे बोलले, म्हणून त्याही बोलल्या. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव बापाने टोपलीत घालून बोडीत सोडले, आणि आजीची आई दोन दिवस जेवली नाही. भीतीने की दुःखाने, ते त्यांना सांगता आले नाही. हा शेवटचा भाग मी कोणत्याही गौरवग्रंथात वाचलेला नाही. म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो. धर्मांतर हे मैदानावर एका संध्याकाळी झाले असले तरी घराच्या आत ते होण्यास किती अवघड गेले असेल, हे त्या दोन दिवसांच्या उपाशीपणाने मला जितके कळले, तितके व्याख्यानांनी कळले नव्हते.

बोलून झाल्यावर त्यांनी आपला आवाज ऐकला, हसल्या आणि म्हणाल्या, "बाबासाहेबाचा आवाज माह्या कानात हाये. तो भरता येते का तुया यंत्रात?"

बाबासाहेबांनी बीबीसीला दिलेली इंग्रजी मुलाखत आज कुणालाही सहज ऐकता येते. आजींच्या कानातला आवाज चांद्याच्या मैदानातला होता. तो भरता येत नव्हता. पण त्यांनी तो ऐकला होता, असे सांगणारा त्यांचा आवाज आपल्याजवळ आहे.

आपल्या धम्मात या गोष्टीला फार जुना आधार आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली पहिली संगीती भरली, तेव्हा उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म मुखाने सांगितला. सुत्तांचा आरंभ होतो तोच 'मी असे ऐकले' या आशयाच्या शब्दांनी, आणि पाठोपाठ येते ती जागा: श्रावस्ती, राजगृह, वैशाली. लेखी स्वरूपात त्रिपिटक आले ते सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. मधली काही शतके भाणकांच्या कंठांवर तोलली गेली. कोणी ऐकले आणि कुठे ऐकले, ही दोन वाक्ये ज्यांनी आधी लावली, त्यांना साक्षीचे मोल माहीत होते. मीही मुलांना हेच शिकविले: बटण दाबले की आधी स्वतःचे नाव, गाव, आजची तारीख, समोर कोण आहेत ते; मग प्रश्न. या यंत्रात सेल काढला की घड्याळ पुन्हा १ जानेवारीवर जाई आणि फायलींना नुसते आकडे पडत, तेव्हा बोललेली तारीख हीच खरी तारीख.

कामाच्या दोन-चार गोष्टी इथेच सांगतो, कारण आज प्रत्येकाच्या खिशात याहून कितीतरी चांगले यंत्र आहे. तोंडासमोर धरू नये. वीतभर अंतरावर, थोडे बाजूला धरावे. 'भ', 'फ', 'ख' यांचा श्वास छिद्रावर आदळून ठोका बसतो, आणि आपल्याकडे तर प्रत्येक बोलण्याचा आरंभ 'जयभीम'ने! पंखा बंद करावा. टिनाच्या छपराखाली पाऊस असेल तर त्या दिवशी नुसते ऐकावे. आमच्या यंत्राची प्रत टेलिफोनच्या आवाजाइतकीच होती, 'स' आणि 'श' वेगळे ऐकू येत नसत. पण झाडीत 'श' नाहीच, त्यामुळे आमचे काही अडले नाही. तासाभराच्या बोलण्याला पंधराएक एमबी लागत. आणखी एक पाहिले. पहिली पाच-दहा मिनिटे माणूस पुस्तकी मराठी बोलतो, कारण समोर शिक्षक बसलेला असतो. मग नातवाला हाक मारताना किंवा कोंबडी हाकलताना त्याची स्वतःची बोली परत येते. त्यापूर्वी यंत्र बंद करणाऱ्याच्या हाती भाषण लागते, आठवण लागत नाही. मोठा टेपरेकॉर्डर मांडला की मुलाखत होते. हे लहानसे यंत्र चटईवर पडले की पाच मिनिटांत विसरले जाते.

नेमक्या याच गुणाची भीतीही बाळगली पाहिजे. एटापल्लीच्या बाजूला एका वृद्धाने बोलता बोलता थांबून त्या लाल ठिपक्यावर तळहात ठेवला आणि विचारले, हे कोणासाठी? ज्या मुलखात कोण कोणाशी काय बोलला यावर माणसाचा जीव टांगणीला लागलेला लोकांनी पाहिला आहे, तिथे हा प्रश्न अगदी योग्य होता. त्या संध्याकाळचे सगळे मुद्रण त्यांच्या देखतच पुसले. रानातल्या जुन्या वाटांविषयी, शिकारीविषयी, अतिशय सुंदर बोलणे होते ते. तेव्हापासून शाळेचा नियम झाला: यंत्र दिसेल असे समोर ठेवायचे, विचारल्याशिवाय बटण दाबायचे नाही, बोलणाऱ्याला आधी ऐकवायचे, आणि तो 'नको' म्हणाला तर कारण विचारायचे नाही.

उलट बाजूही घडली. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचे कथन, लिहून घेतलेले, मान्य केले आहे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गडचिरोलीत गावोगाव दावे तयार होऊ लागले. आपला एक माजी विद्यार्थी तेव्हा आपल्या ग्रामसभेचे कागद सांभाळीत होता. त्याने सुटीत शाळेतून यंत्र मागून नेले, दोन म्हाताऱ्यांना घेऊन गावाची शीव चालला आणि प्रत्येक नाल्याशी, प्रत्येक मोठ्या झाडाशी ते काय बोलले ते भरून घेतले. रात्री ऐकून शब्दशः लिहिले, वाचून दाखविले, अंगठे घेतले. चालत्या माणसाला आठवते ते बसलेल्याला आठवत नाही, हे त्याचे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळांना ऐकविले आहे.

बायकांची गाणी हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि इथे ते पुरे होणार नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्या मुद्रित झाल्या, त्या आज 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. आपल्याकडे धानाचा मुलूख. जात्यापेक्षा रोवणीची गाणी अधिक. चिखलात ओणव्या उभ्या असलेल्या बायकांचे गाणे बांधीच्या धुऱ्यावरून भरले की वारा, पाणी आणि हसणे यांत शब्द बुडतात. आमच्या मुलींनी उपाय काढला. त्या स्वतःच ओळीत उतरल्या आणि यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराला बांधले. शब्द स्वच्छ आले. शिवाय गाणाऱ्या बायकांनी मुलींच्या रोवणीला ठेवलेली नावेही आली.

ते यंत्र २०१४ च्या सुमारास बंद पडले. मोबाईल आले, टॉवर आले, आईचे बोलणे आता रोज रात्री थेट ऐकू येते, आणि हे चांगलेच झाले. त्यातल्या फायली आधीच संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्यांची एक प्रत शाळेच्या वाचनालयात आणि दुसरी विहाराच्या कपाटात आहे. ज्या घरांचे आवाज होते त्यांपैकी ज्यांचा पत्ता लागला, त्यांना पेनड्राईव्हवर दिले. तो पाचवीतला मुलगा आता नोकरीत आहे. आई गेल्यावर त्याने फोन करून आधी पुष्कळ इकडचे तिकडचे विचारले आणि शेवटी म्हणाला, सर, ते दिवारीचे अजून आहे का? आहे.

सुटीत मुलांनी घरी नेऊन भरलेल्या काही फायलींत मात्र बोलणाऱ्याचे नाव नाही. एका वृद्ध गृहस्थांचा आवाज आहे. ते चांद्याहून परतताना वाटेत पाऊस लागल्याचे आणि दीक्षेची पांढरी टोपी छातीशी धरून भिजल्याचे सांगतात, मागे घंगाळ घासल्याचा आवाज येतो आणि एक लहान मुलगी त्यांना 'बुढा' म्हणते. एक बाई नागभीडच्या बाजारातले १९५६ मधले तांदळाचे भाव सांगता सांगता थांबतात. एका फायलीत दोन बहिणी एकमेकींचे म्हणणे खोडीत आहेत, बाबासाहेब मोटारीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातात काठी होती की नव्हती, यावरून. हे आवाज स्नेहसंमेलनाच्या तिन्ही दिवशी दुपारच्या भोजनानंतर वाचनालयात ऐकावयास ठेवले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. तुमच्या गावचा आवाज ओळखू आला तर दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, गाव आणि नाते लिहावे. लिहिता येत नसेल, तर तिथे बसलेल्या मुलीला सांगावे. तिच्याजवळ यंत्र आहे.